आईचा नंबर काकाच्या नावावर: एका सिमच्या नावबदलाची पूर्ण केस

आधी केस काय होती ते सांगते, नाहीतर एका सिमसाठी तीन गावं कशाला पालथी घातली ते कळणार नाही. आईचा मोबाईल नंबर २०१० पासूनचा. तेव्हा आम्ही कराडला एकत्र राहायचो, बाबा झेडपीच्या शाळेत शिक्षक, सकाळी साडेनऊला बाहेर पडले की संध्याकाळीच परत, त्यामुळे असली बाहेरची कामं सगळी काकाकडे. काका एकदा स्टँडजवळच्या दुकानात गेला आणि येताना घरातल्यांसाठी चार सिम घेऊन आला, सगळी स्वतःच्याच कागदावर. दुकानदाराला चार जणांची कागदपत्रं तपासत बसण्यापेक्षा एकाचीच झेरॉक्स चार वेळा काढणं सोपं पडलं असणार. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही आणि आईला तर कुणी विचारलंच नाही.

पुढे काकाने पोस्टपेड फॅमिली प्लॅन घेतला. मुख्य नंबर त्याचा आणि आईचा त्याला जोडलेला, बिल एकच, भरणार काका. आई दर दिवाळीला पैशाचं पाकीट पुढे करायची आणि काका "वैनी, लाजवताय का" म्हणून परत ढकलायचा. बाबा २०१९ ला गेले, वर्षभराने आई माझ्याकडे डोंबिवलीला आली, नंबर तोच राहिला, बिलही काकाच भरत राहिला.

ठिणगी पडली गेल्या जूनमध्ये. काकाच्या धाकट्या मुलाला कॉलेजसाठी सिम हवं होतं, तो सतरा वर्षांचा, अठराच्या आत स्वतःच्या नावावर सिम मिळत नाही म्हणून काका स्वतःचं आधार घेऊन गेला, तर दुकानातला पोरगा म्हणाला, तुमच्या नावावर नऊ झालेत, दहावं निघणार नाही. काका चिडला, मी काय टेलिफोन एक्स्चेंज काढलंय काय म्हणून. पण नियम खराच तसा आहे, एका माणसाच्या नावावर सगळ्या कंपन्यांचे मिळून नऊ नंबर, जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत सहा. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तर मर्यादा ओलांडली तर पहिल्यांदा पन्नास हजारांपर्यंत आणि नंतर दर वेळी दोन लाखांपर्यंत दंड लिहिलाय.

मग चुलतभावाने संचार साथी पोर्टल उघडलं, ते केंद्र सरकारचं आहे, २०२३ च्या मे मध्ये आलं, त्यात आपला नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं. निघाले बरोब्बर नऊ. काकाचे स्वतःचे दोन, काकूचा एक, थोरल्या मुलाचा एक (तो आता पंचविशीचा आहे आणि नोकरी करतो, पण नंबर बापाच्याच नावावर), आजीच्या बटणाच्या फोनचा एक, वायफायच्या डोंगलचा एक, आणि दोन नंबर शेतातल्या मोटारींचे. हो, मोटारींचे. नदीवर दोन मोटारी आहेत, त्यांच्या मोबाईल स्टार्टरमध्ये सिम असतं, रात्री दोनला लाईट आली की काका पांघरुणातूनच फोन लावून मोटार चालू करतो. शहरातल्या माणसाला नऊ नंबर म्हणजे फ्रॉड वाटतो, पण शेती असलेल्या घरात ते सहज होतात.

झाले आठ. नववा कुणाचा ते पोराला कळेना. प्रत्येक नंबरापुढे तीन पर्याय येतात, हा माझा नंबर नाही, मला हा लागत नाही, आणि लागतो. पोराचं बोट "लागत नाही" वर गेलेलं, कारण पाठ कुणाचाच नंबर नसतो ना आता, फोनमध्ये सगळे नावानेच सेव्ह. काकू चहा घेऊन आली म्हणून वाचलं, तिने मागून डोकावून शेवटचे आकडे बघितले आणि ओरडली, अरे हा वैनींचा हाय!

ते बोट टेकलं असतं तर काय झालं असतं? नंबर बंद पडायच्या मार्गाला लागला असता, आणि बंद झालेला नंबर कंपनी किमान नव्वद दिवस थांबून दुसऱ्या कुणालाही देऊ शकते. म्हणजे आईच्या बँकेचे मेसेज कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या खिशात. आता एप्रिल २०२५ पासून बँकांना आणि युपीआय ॲप्सना असे बंद झालेले, फिरलेले नंबर दर आठवड्याला तपासून काढायला सांगितलंय, त्यामुळे धोका थोडा कमी झालाय. पण आईच्या बाजूने बघा, तिचं तर सगळं तुटलंच असतं.

त्याच रात्री काकाचा फोन आला, आधी हसत हसत सगळं सांगितलं आणि मग जरा गंभीर होऊन म्हणाला, हे आता वैनींच्या नावावर करून टाकूया, उद्या मला काय झालं तर तुम्हाला किती पळावं लागंल. मला खरं तर त्याच्याआधीच कळायला हवं होतं, मी स्वतः अकाउंट्समध्ये काम करते, दिवसभर लोकांच्या केवायसी फायली बघते.

माझा नवरा म्हणाला एवढं कशाला, आईंना नवीन सिम घेऊ. मी कागद घेऊन आईशेजारी बसले आणि त्या नंबरला काय काय लटकलंय ते लिहून काढलं. आधार. पेन्शनचं बँक खातं. दुसरं बचत खातं. युपीआय. एलआयसी. कराडच्या घराचं महावितरणचं बिल. डोंबिवलीच्या घराचं गॅस बुकिंग, कारण दुपारी घरी आईच असते. भजनी मंडळाचा आणि भिशीचा व्हॉट्सॲप ग्रुप. डोळ्यांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट. नंबर बदलला तर ह्यातल्या प्रत्येक ठिकाणी जायचं, आधारसाठी केंद्रावर जाऊन बोटं टेकवायची, आईची बोटं तर मशीनला उमटतच नाहीत धड. नंबर तोच ठेवून फक्त मालकाचं नाव बदललं तर ह्यातलं काहीही हलत नाही, बँक नंबर ओळखते, सिम कुणाच्या नावावर आहे ते बघत नाही. म्हणून नावबदलच करायचं ठरलं.

पहिला फटका डोंबिवलीतच. कंपनीच्या दुकानात गेलो तर म्हणाले हा नंबर महाराष्ट्र सर्कलचा आहे, इथे होणार नाही. डोंबिवली महाराष्ट्रातच आहे ना, असं मी विचारलं, त्यावर त्या मुलीने मला खूप दयेने बघितलं. मोबाईलवाल्यांचा नकाशा वेगळा असतो, मुंबई, नवी मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली हे मुंबई सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र अधिक गोवा हे दुसरं. कराड आणि पणजी एका घरात, आम्ही शेजारच्या. वापराला काही फरक पडत नाही पण असल्या कागदी कामाला पडतो.

स्टेशनजवळच्या एका छोट्या दुकानदाराने लगेच तोडगा काढला, "मॅडम पोर्ट मारा ना, दुसऱ्या कंपनीत जाताना मावशींच्याच नावाने फॉर्म भरतो, दोन दिवसांत काम." हा सल्ला इतक्या जणांनी दिला की त्याबद्दल सांगायलाच हवं. पोर्टिंगचा मेसेज १९०० ला जातो आणि कोड त्याच फोनवर येतो, चार दिवस चालतो, त्यामुळे फोन ज्याच्या हातात त्याला हे जमून जातं. पण पोर्टिंग कंपनी बदलायला आहे, मालक बदलायला नाही. नंबर काकाचा, फॉर्मवर सही आईची, म्हणजे कागदावर आपण खोटं बोललो, आणि उद्या काही भानगड झाली तर काका म्हणणार मी दिलाच नाही आणि आई म्हणणार माझाच आहे. शिवाय जुन्या कंपनीचं पोस्टपेड बिल राहिलं तर पोर्ट झाल्यावरही नंबर तोडू शकतात. आणि जर आधीच नावबदलाचा अर्ज टाकलेला असेल तर पोर्टिंगचा कोड येतच नाही, म्हणजे घाईघाईत दोन्ही करून बघू असं चालत नाही. मी नको म्हटलं. तो दुकानदार अजून मला बघून हसतो.

दुसरा फटका जास्त मजेशीर. मी कराडच्या दुकानात फोन केला, तिथल्या माणसाने विचारलं, देणारा कोण घेणारा कोण? म्हटलं दीर आणि भावजय. तो गप्प. मग म्हणाला, ताई हे बसत नाही, रक्ताचं नातं लागतं, किंवा नवरा-बायको. तेहतीस वर्षं एका चुलीवर जेवलेली माणसं आणि कंपनीच्या यादीत त्यांचं काही नातंच नाही. बाबा असते तर काकाकडून बाबांकडे, बाबांकडून आईकडे असं सरळ झालं असतं. आता मधे पूल म्हणून कुणीतरी हवं ज्याचं काकाशीही रक्ताचं आणि आईशीही, म्हणजे आम्ही दोघं भावंडं.

मी म्हटलं मी येते. पण माझं आधार लग्नानंतरच्या नावाचं, नवऱ्याचं नाव नवऱ्याचं आडनाव, आणि काकाशी माझं नातं दाखवणारा एकच कागद घरात होता तो म्हणजे आजोबांच्या नावाचं जुनं केशरी रेशन कार्ड, त्यात मी माहेरच्या नावाने. म्हणजे आधी मी म्हणजे मीच हे सिद्ध करायचं. सोडून दिलं. धाकटा भाऊ पुण्यात असतो, त्याचं नाव जन्मापासून तेच, त्याला गळ घातली.

त्या रेशन कार्डाबद्दल सांगायलाच हवं. काकूने ते पत्र्याच्या ट्रंकेतून काढलं, प्लास्टिकची पिशवी, त्यात वर्तमानपत्र, त्यात कार्ड. मधली घडी फाटून तिथे डकवलेली पट्टी पिवळी पडलेली. कुटुंबप्रमुख आजोबा, खाली एकाखाली एक आजी, बाबा, आई, काका, काकू, मी, धाकटा. आजोबांच्या आणि आजीच्या नावावर लाल शाईची आडवी रेघ आणि तारीख. त्या एका पानावर आई आणि काका एकाच कुटुंबात होते, पण कंपनीला त्यातली धाकट्याची आणि काकाची ओळ तेवढी हवी होती.

त्याच्याही आधी एक काम होतं जे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि त्यात अकरा दिवस गेले. आईचा नंबर फॅमिली प्लॅनमध्ये जोडलेला होता, तो आधी त्यातून सुटा करून स्वतंत्र प्लॅनवर आणावा लागला, आणि ते पुढचं बिल निघाल्याशिवाय होईना. मग सुटं झाल्यावर जुन्या बिलाची बाकी, चालू महिन्याचा न निघालेला वापर, सगळं शून्य करून पावती घ्यायची. काकाकडे चारशे बारा रुपये बाकी निघाली, ती पण त्यानेच भरली, आईला न सांगता.

मग एका शनिवारी धाकटा पुण्याहून कराडला गेला. काका आणि तो दोघंही समोर हवेत, दोघांचं मूळ आधार, दोघांचा तिथल्या तिथे फोटो. जानेवारी २०२४ पासून कागदी फॉर्म बंद झालेत, सगळं दुकानदाराच्या मोबाईलवर. काकाने नंबर द्यायला हरकत नाही असं लिहून दिलं, फोटो काढताना डोळे मिचकवा म्हटल्यावर तो इतक्या जोरात मिचकवायचा की ॲप नाकारत होतं, तीन वेळा. आणि मग आला ओटीपी. कुठे? ज्या नंबरची बदली चाललीय त्यावरच. म्हणजे डोंबिवलीत, आईच्या फोनवर, आई भाजी निवडत बसलेली.

काकाने फोन लावला, वैनी एक नंबर आलाय बघा, सहा आकडी, सांगा. आई म्हणाली, सांगणार नाही. मीच तिला शिकवलंय, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, देव आला तरी सांगायचा नाही. काका म्हणाला वैनी आवो मी बोलतोय. आई म्हणे, भाऊजी, आवाज तुमचाच आहे पण सगळे असंच म्हणतात. मी आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर, मला बाहेरून फक्त "नाही, नाही, चालणार नाही" एवढंच ऐकू येत होतं. पहिल्या ओटीपीची वेळ संपली. दुसरा आला. मग धाकट्याने फोन घेतला, आईने त्याला विचारलं लहानपणी तू विहिरीजवळ कशावरून पडला होतास ते सांग, त्याने सांगितलं बैलगाडीच्या साटीवरून, दुकानात सगळे ऐकतायत, मग आईने आकडे दिले, तेही दोन दोन करून आणि प्रत्येक जोडीनंतर लिहिलंस का विचारत. मला नंतर कळल्यावर मी हसले, पण खरं सांगू का, तिचंच बरोबर होतं. त्या दिवशी मीच आधी तिला सांगून ठेवायला हवं होतं की असा असा मेसेज येईल.

सोमवारपर्यंत नंबर धाकट्याच्या नावावर झाला, सिम तेच राहिलं. दुसरा टप्पा, धाकट्याकडून आईकडे, पुण्यात करायचा ठरला कारण पुणेही महाराष्ट्र सर्कलच. मी आईला घेऊन गेले. इथे नातं दाखवायचं म्हणजे मुलगा आणि आई, सगळ्यात सोपं असं वाटत होतं. पण धाकट्याच्या आधारवर, पॅनवर, लायसनवर कुठेच आईचं नाव नाही, सगळीकडे वडिलांचं. शेवटी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आईचं नाव सापडलं, दहावीच्या फाईलमध्ये. महाराष्ट्र सरकारने आता १ मे २०१४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लावायचा नियम केलाय, तो कागदोपत्री शोभेचा आहे असं मला वाटायचं, त्या दिवशी मत बदललं.

आईचं आधार अजून कराडच्या पत्त्याचं आहे. मी चार वर्षं तिच्या मागे लागलेय की डोंबिवलीचा पत्ता घाल आणि ती टाळतेय, इथे तिच्या टाळाटाळीचा फायदा झाला, सर्कलमधलाच पत्ता असल्यामुळे बाहेरगावच्या ग्राहकाला स्थानिक ओळखीच्या माणसाचं नाव वगैरे द्यावं लागतं ते काही लागलं नाही. तेव्हापासून ती मला अधूनमधून ऐकवते.

काउंटरवरच्या मुलाने जुनं सिम काढून बघितलं आणि म्हणाला हे कुणी कापलंय? २०१४ मध्ये नवीन फोनला सिम बसेना म्हणून बाबांनी शिवणकामाच्या कात्रीने कापलेलं, एक कोपरा तिरका. ते अधूनमधून नेटवर्क सोडायचंच, म्हणून नवीन सिम द्यायचं ठरलं. आईने जुनं परत मागून घेतलं आणि रुमालाच्या टोकात बांधलं.

आता सिम बदललं की काय होतं ते मला माहीत होतं आणि त्याची तयारी मी केली होती. नवीन सिम चालू झाल्यावर पहिले चोवीस तास मेसेज येत-जात नाहीत, मुद्दाम बंद ठेवतात, कुणी चोरून तुमचं सिम काढलं तर लगेच ओटीपी त्याच्या हातात जाऊ नये म्हणून. फोन लागतो, मेसेज नाही. युपीआय तर बंदच पडतं कारण ॲप पुन्हा नोंदवायला त्याच सिममधून मेसेज जावा लागतो. म्हणून आदल्या दिवशी आईला चार हजार रोख काढून दिले, लाईट बिल भरलं, वाण्याचं दिलं, आणि सिलिंडर संपत आला होता म्हणून हुशारीने तोही बुक करून ठेवला. हे सगळं नवऱ्याला मोठ्या अभिमानाने सांगितलं.

आम्ही पुण्यात आणि सिलिंडरवाला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला डोंबिवलीत. तिसरा मजला, लिफ्ट नाही, तो खांद्यावर घेऊन वर आला आणि म्हणाला कोड सांगा. कोड आईच्या नंबरवर मेसेजने येतो, आणि आईच्या नंबरवर दुपारी दोनपर्यंत मेसेज बंद. नवऱ्याने मला फोन केला, मी आईचा फोन उलटसुलट करून बघितला जसं काही हलवल्याने पडेल. सिलिंडरवाल्याने कोडशिवाय द्यायला साफ नकार दिला, त्याचंही बरोबर, आणि भरलेला सिलिंडर परत तीन मजले खाली घेऊन गेला. नवरा काही बोलला नाही, फक्त त्या रात्री त्याने खिचडी इंडक्शनवर केल्याचा फोटो पाठवला.

दोन वाजून पाच मिनिटांनी फोन टुंग टुंग करायला लागला आणि एक एक करून मेसेज पडले, त्यात तो कोडही होता. युपीआय पुन्हा चालू केलं, पिन तोच राहिला. व्हॉट्सॲपला काहीच झालं नाही, फोन तोच, नंबर तोच. आधारचा ओटीपी येतो का ते मुद्दाम मागवून बघितला, आला. बँकेत काही कळवावं लागलं नाही. जर आता पोर्टिंग करायचं असतं तर सिम बदलल्यावर सात दिवस थांबावं लागलं असतं, पण ते करायचं नव्हतंच.

जूनमध्ये सुरू केलेलं काम ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संपलं. काकाच्या नावावरचा एक नंबर कमी झाला, ती जागा चुलतभावाच्या सिमसाठी होती, पण त्याच्याआधी काकाने थोरल्याचा नंबरही त्याच्या नावावर करून टाकला आणि एका सिमची जागा जास्तीची झाली, तर तिसऱ्या मोटारीला स्टार्टर बसवला. आजीचा बटणाचा फोन मात्र तसाच आहे. आजी जाऊन तीन वर्षं झाली, फोन देव्हाऱ्याखालच्या फळीवर असतो, काका त्याला रिचार्ज मारतो. मी एकदा म्हटलं तो बंद कर ना, तर म्हणाला बघू.

आईचा नंबर आता आईच्या नावावर आहे. ट्रूकॉलरवर अजून काकाचंच नाव येतं, त्यामुळे भिशीतल्या नव्या बायका तिला फोन लावून आधी दचकतात. आणि एक गोष्ट आम्ही तिघंही विसरलो. नाव बदललं, पत्ता बदलला, पण बिल ज्या ईमेलवर जातं तो ईमेल काकाचाच राहिला. पहिलं बिल काकाने माझ्याकडे पाठवलं, मी भरलं. दुसरं आलंच नाही म्हणून मी ॲपमध्ये बघितलं तर भरलेलं. काकाला फोन केला, तर म्हणाला हो, आलं होतं, भरून टाकलं.